मिलेनियम फाल्कनचा लेगो सेट: 85 डॉलरचा नवा घ्यावा की 110 चा वापरलेला?

गौरी_नाशिक:
मंडळी, भाऊ दिवाळीत न्यू जर्सीहून येतोय आणि भाच्यासाठी स्टार वॉर्स सिनेमांमधल्या मिलेनियम फाल्कन या यानाचा लेगो सेट आणायचं म्हणतोय. मुलगा नऊ वर्षांचा आहे. भावाने दोन पर्याय दिलेत. एक कोरा सेट, क्रमांक 75375, 921 पीस, किंमत 84.99 डॉलर, वर तिथला कर. दुसरा 2019 चा 75257, 1351 पीस. तो भावाच्या ओळखीतल्या एकाकडे जोडून ठेवलेला आहे, खोका नाही, 110 मागतोय. प्लास्टिकच्या ठोकळ्यांना एवढे पैसे का पडतात आणि ते कुठल्या सेटमध्ये वसूल होतील, हे मला ठरवता येत नाहीये. मुलगा खेळणी मांडून ठेवणारा नाही. विमान हातात घेऊन घरभर फिरतो, सोफ्यावर उतरवतो, आतल्या माणसांशी बोलतो.

निखिल८७:
साधा हिशोब करा. पीसमागे दहा सेंटच्या आत पडला तर सेट घ्यावा. 75375 सव्वानऊ सेंटला पडतो, शिवाय कोरा आहे. दुसऱ्याचं उष्टं कशाला?

साचेकार:
ताई, मी भोसरीत इंजेक्शन मोल्डचे डाय, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक दाबून भरायचे साचे, बनवतो आणि घरी लेगोही भरपूर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पीसमागे सेंट मोजण्यात सगळे पीस सारखेच धरले जातात. 75375 मध्ये नखाएवढे पीस खूप आहेत. यानाच्या पाठीवरची बारीक नक्षी त्यातूनच येते, आणि ती खरोखर सुरेख आली आहे. पण 921 हा आकडाही त्यातूनच होतो. 75257 मोठ्या पाट्यांवर उभा राहतो, म्हणून हातात घेतल्यावर भरीव लागतो.

आता पैसे कशाचे. ठोकळे ज्याचे बनतात ते नुसतं एबीएस प्लास्टिक त्या किमतीत किरकोळ असतं. एबीएस साच्यात थंड होताना आकसतं, आणि किती आकसेल ते आधी धरूनच डाय कापावा लागतो. पीस केसभर मोठा राहिला तर मुलाच्या बोटांनी निघत नाही, केसभर लहान झाला तर यान उचलताच तोफ गळून पडते. लेगोचा 1958 सालचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर घट्ट बसतो. त्या ठोकळ्याचं पेटंट केव्हाच संपलंय, तसे ठोकळे आता कोणीही काढू शकतो. पण वर्षानुवर्षं तीच पकड टिकवायची म्हणजे साचा झिजायच्या आत बदलावा लागतो. हे काम रोज करतो म्हणून सांगतो, त्याचे पैसे मला कधी जास्त वाटत नाहीत.

लायसन्सचा, म्हणजे स्टार वॉर्सचं नाव वापरायच्या पैशांचा, बोजा मात्र वेगळा. 2022 मध्ये लेगोने गॅलेक्सी एक्सप्लोरर या आपल्याच जुन्या अंतराळयानाचा मोठा अवतार काढला. 1254 पीस, 99.99 डॉलर, चार अंतराळवीर, एकही स्टिकर नाही, सगळी चिन्हं पीसवरच छापलेली. म्हणजे पीसला आठ सेंट. 75257 निघाला तेव्हा 159.99 डॉलरला होता, जवळजवळ बारा सेंट, आणि तरी त्यात स्टिकर. हा सगळा फरक लायसन्सचा नाही, फिगर्सचाही (सेटमधल्या छोट्या माणसांचा) आहे, पण नावाचे पैसे आपण देतोच.

तुमच्या मुलासाठी यातलं काहीच निर्णायक नाही. 75375 च्या खोक्यावर वय 18+ लिहिलंय. ते स्टँडवर ठेवायचं मॉडेल आहे, आत बसवायला एकही माणूस मिळत नाही. 75257 चं वय 9+. पाठीचे त्रिकोणी भाग बाहेरच्या बाजूला उघडतात, आत हायपरड्राइव्ह (यानाचं इंजिन), डेजारिक या खेळाचं टेबल, माल लपवायचा कप्पा. कॉकपिटमध्ये दोघं बसतात, वरखाली फिरत्या तोफा आहेत. माणसांशी बोलणाऱ्या मुलाला हाच द्या.

पण 110 देण्याआधी फिगर्स मोजायला सांगा. मूळ सेटमध्ये सात आहेत: फिन, च्युबाका, लँडो, बूलिओ, सी-थ्रीपीओ, आर2-डी2 आणि डी-ओ. फाल्कनचा कप्तान हान सोलो मुळातच नाही, मुलगा त्याची वाट बघत असेल तर आधीच सांगून ठेवा.

गौरी_नाशिक:
भावाला लगेच विचारलं. पाचच आहेत. च्युबाका आणि लँडो नाहीत.

साचेकार:
मग 110 अजिबात नाही. वापरलेल्या सेटमधून फिगर्स आधी काढून विकल्या जातात, कारण सुट्यांनाच जास्त भाव येतो. 80 ला मागा, 90 च्या वर जाऊ नका. उरलेल्या पैशांत भावाला ब्रिकलिंकवरून (सुटे लेगो विकणारी साइट) निदान च्युबाका तरी मागवू दे. तो नसेल तर फाल्कन चालवणार कोण?

खोका आणि पुस्तिका नसल्याची काळजी नको, जोडणीच्या सूचना लेगोच्या साइटवर फुकट मिळतात. पीसची यादी शेवटच्या पानांवर असते, तिच्यावरून भावाने एकदा मोजून घ्यावं.

मेधा_एडिसन:
जोडलेलं यान तसंच बॅगेत घालू देऊ नका, ते 44 सेंटीमीटर लांब आहे, नाशिकला पोचेपर्यंत निम्मं सुटेल. आणि आयतं जोडलेलं हातात आलं तर मुलाच्या वाट्याला जोडणीचा आनंदच येणार नाही. आम्ही भाचीसाठी नेलं तेव्हा पूर्ण सुटं केलं होतं.

साचेकार:
अगदी बरोबर. फक्त स्टिकर लावलेले पीस वेगळ्या पिशवीत ठेवा, बाकीच्यांवर घासून त्यांच्या कडा उचकटतात. सुटं करताना सुरी किंवा दात वापरू नका, पीस सोडवायचा लेगोचा नारिंगी सेपरेटर मिळतो तो घ्या.

गौरी_नाशिक:
85 वर सौदा ठरला. च्युबाका वेगळा मागवलाय.