मदत हवी आहे: जॉइसच्या हस्तलिखितांच्या प्रतिकृती मुंबईत कुठे पाहायला मिळतील?

नमस्कार मंडळी. दादरला आम्ही काहीजण मिळून आयरिश लेखक जेम्स जॉइसची 'फिनेगन्स वेक' वाचतोय. १९३९ साली आलेली ही कादंबरी नुसत्या छापील पानावरून फारशी उलगडत नाही. ते पान घडलं कसं, हे पाहिलं तर वाट सापडेल असं मला मनापासून वाटतं. जॉइस शब्द वह्यांत टिपून ठेवायचा, वापरलेला शब्द रंगीत पेन्सिलीनं खोडायचा आणि पुढे अगदी छपाईआधी तपासायच्या प्रुफांतही भर घालत राहायचा. सुरुवातीचं बऱ्यापैकी सरळ वाक्य असं थरावर थर चढत दाट होत जातं. मला तो पहिला थर बघायचाय.

या वह्या अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात, मसुदे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. तिथे जाणं शक्य नाही. पण या कागदांच्या प्रतिकृतींचे ६३ खंड 'जेम्स जॉइस आर्काइव्ह' नावानं निघालेत. त्यातले 'वेक'चे खंड मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात, एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात किंवा एखाद्या कॉलेजात कुणी पाहिलेत का? बाहेरच्या वाचकाला बसून बघू देतात का? ते नसतील तर डेव्हिड हेमन यांनी १९६३ साली संपादित केलेली पहिल्या मसुद्याची आवृत्तीही चालेल. कुणाकडे असेल तर मी येऊन तिथेच बसून टिपणं काढीन. आणि हो, मसुद्यांसकट वाचायला सुरुवात कुठल्या प्रकरणापासून करावी? आमचा कल ॲना लिव्हिया या पात्राच्या, म्हणजे आठव्या प्रकरणाकडे आहे.