हॉलिडे मेंबरशिप घ्यावी का, आणि घ्यायची तर कुठली? तुमचे अनुभव सांगा

पुणे (धागाकर्ती)

आमच्या घरात सध्या जेवताना हाच विषय असतो. मोठे दीर-जाऊबाई, आम्ही दोघं, दोन्हीकडची मिळून चार मुलं आणि सासू-सासरे, अशी दहा माणसं. वर्षातून एक आठवडा सगळ्यांनी एकत्र बाहेर जावं आणि त्यासाठी टाइमशेअर मेंबरशिप घेऊन टाकावी, असं सासऱ्यांच्या मनात आहे. "पैसे भरलेत म्हणून तरी सगळे वेळ काढतील," असं त्यांचं म्हणणं आहे आणि मला ते अगदीच चुकीचं वाटत नाही.

माझ्या वाचनात आलं ते असं: आपल्याकडे विकतात तो बहुतेक ठिकाणी फक्त वापराचा हक्क असतो. वर्षाला सात रात्री, दहा किंवा पंचवीस वर्षं, शिवाय दरवर्षी वेगळी देखभाल फी. खोली आपल्या नावावर होत नाही. स्टर्लिंग ही कंपनी १९८६ पासून आहे, क्लब महिंद्रा १९९६ पासून. म्हणजे पूर्ण मुदत वापरून झालेली माणसंही इथे नक्की असतील. त्यांनी तर लिहाच. घेतली असेल तर कशाच्या आधारावर ठरवलंत, नसेल तर का नाही, परदेशात घेतली असेल तर तिथे काय चालतं, सगळं हवंय. तक्रार असेल तर कंपनीचं नाव घेऊ नका, नाहीतर चर्चा तिकडेच घसरते.

ठाणे

मी शाळेत शिकवते. मे महिना आणि दिवाळी सोडली तर मला सुट्टीच नसते. मेंबरशिप घेताना आम्ही सगळ्यात जास्त विचार याचाच केला.

आमची क्लब महिंद्राची आहे. तिथे हंगामांना रंग आहेत. जांभळा म्हणजे ऐन गर्दीचा, त्याखाली लाल, मग पांढरा आणि सगळ्यात स्वस्त निळा. वरच्या रंगवाल्याला खालच्या हंगामात जाता येतं, खालच्याला ऐन गर्दीत जागा नसते. ओळखीतले सगळे सांगत होते, निळा घ्या, निम्म्यात काम होईल. पण निळा हंगाम येतो तेव्हा माझी शाळा चालू असते, मुलांच्या चाचण्या असतात. म्हणून जास्त पैसे मोजून जांभळाच घेतला, एक बेडरूमचा. तो निर्णय बरोबर ठरला असं मी आज ठामपणे सांगू शकते.

दुसरा मुद्दा ओट्याचा. माझ्या सासूबाई बाहेरचं फार खात नसत, त्यामुळे कुठे यायलाच तयार नसायच्या. त्या अपार्टमेंटला छोटा ओटा, चार भांडी आणि फ्रीज असतो. मडिकेरीला गेलो तेव्हा नेमकी संकष्टी आली. त्यांनी घरून दाण्याचं कूट आणि साबुदाणा आणला होता, रात्री तिथल्याच पातेल्यात भिजत घातला, सकाळी आम्हा सगळ्यांना खिचडी. त्यानंतर "यंदा कुठे?" हे त्या स्वतःहून विचारायच्या. हॉटेलच्या खोलीत हे झालं नसतं.

मात्र मे महिन्यात महाबळेश्वर किंवा लोणावळा मिळेल ही आशा ठेवू नका. मुंबई-पुण्याचे सगळे सभासद त्याच दोन गावांवर तुटून पडतात. लांबचं ठिकाण धरायचं, बुकिंग उघडेल त्याच दिवशी करायचं आणि रेल्वेचं तिकीट त्यानंतर. हे सगळं बघणारं एक माणूस घरात लागतं. आमच्याकडे ते मी आहे.

नाशिक

आम्ही घेतली नाही. मॉलमध्ये लकी ड्रॉचं कुपन भरलं, चार दिवसांनी फोन आला, "बक्षीस लागलंय, नवरा-बायको दोघांनीही यायचं." दोघं का, हे तिथे गेल्यावर कळलं. एकटा माणूस "घरी विचारून सांगतो" म्हणून उठू शकतो, ती वाट आधीच बंद केलेली असते.

हॉटेलचा हॉल, मोठ्या आवाजात गाणी, प्रत्येक टेबलावर एक जोडपं आणि एक विकणारा. कुठल्याही टेबलावर सही झाली की टाळ्या. आम्ही नाही म्हटलं तसा वरचा साहेब आला, त्याने किंमत उतरवली. पुन्हा नाही म्हटल्यावर आणखी एक जण आला, आणखी उतरवली. दर वेळी एकच अट: आज, आत्ता.

माझ्या बायकोने एकच मागणी लावून धरली. कराराची कोरी प्रत घरी न्यायला द्या, वाचून दोन दिवसांत येतो. प्रत मिळाली नाही, सही झाल्यावरच देतो म्हणाले. ती तिथेच उठली. पंचवीस वर्षांचा करार जो माणूस दोन दिवस वाचू देत नाही त्याच्याशी व्यवहार करायचा नाही, इतकं तिचं स्पष्ट मत होतं. बक्षिसाचं म्हणाल तर तीन रात्रींचं व्हाउचर मिळालं, पण ते वापरायला प्रत्येक माणसामागे वेगळे पैसे भरायचे होते.

डोंबिवली

मी हिशेबातला माणूस आहे, आकडेच मांडतो. समजा एकदाच ३,६०,००० रुपये भरले, मुदत पंचवीस वर्षं. वर्षाची फी १६,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १८,८८०.

विकणारे ३,६०,००० ला पंचवीसने भागतात आणि वर्षाला १४,४०० दाखवतात. हे साफ चूक. तेच पैसे ७ टक्क्यांनी ठेवून पंचवीस वर्षांत मुद्दलासकट संपवायचे ठरवले तर दरवर्षी साधारण ३०,९०० हातात येतात. म्हणजे वर्षाचा खरा खर्च ३०,९०० अधिक १८,८८०, जवळपास ४९,८००. सात रात्रींनी भागा, रात्रीला ७,१०० च्या आसपास. यात जेवण नाही, प्रवास नाही आणि फी वाढतच जाणार.

आता ७,१०० महाग की स्वस्त? तुम्ही कधी जाता त्यावर आहे. त्याच दर्जाची दोन खोल्यांची जागा मी मे महिन्यासाठी शोधली तर दहा हजारांच्या वर दिसते, तीच पावसाळ्यात निम्म्याच्या आसपास. म्हणून ठाण्याच्या बाईंचा निर्णय हिशेबातही बसतो. आणि निवृत्त जोडप्याने जुलै-ऑगस्टसाठी मेंबरशिप घेतली तर बसत नाही, त्यांना तेव्हा कुठलंही हॉटेल स्वस्तात मिळतं.

पुण्याच्या ताईंना एक खास सांगायचंय. तुम्ही दहा माणसं आहात. एक बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये चार मोठी माणसं धरतात. मुलंही मोठ्यांत धरली तर तुम्हाला तीन अपार्टमेंट लागतील. सात रात्री एका अपार्टमेंटच्या असतात, तीन घेतलीत की एका मेंबरशिपमध्ये सगळ्यांच्या मिळून दोनच रात्री होतात, सातवी शिल्लक. एकत्र आठवडा घालवायचा तर तीन मेंबरशिपा. हे त्या हॉलमध्ये कोणी सांगणार नाही.

पुणे (धागाकर्ती)

हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. काल सासऱ्यांना वाचून दाखवलं, त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन स्वतः मांडून बघितलं. विक्रेत्याला आता लेखी विचारलंय की दहा जणांना दिवाळीत सलग किती रात्री मिळतील. इतरांनी लिहीत राहा.

न्यू जर्सी

अमेरिकेतलं चित्र बरंच वेगळं आहे. आम्ही डिस्नेचं व्हेकेशन क्लब घेतलं, तेही कंपनीकडून न घेता आधीच्या मालकाकडून.

डिस्नेत आठवड्याऐवजी पॉइंट्स असतात, ते खर्चून रात्री घ्यायच्या, आणि प्रत्येक करार एका 'घरच्या' रिसॉर्टशी बांधलेला असतो. घरच्या रिसॉर्टचं बुकिंग अकरा महिने आधी करता येतं, बाकीच्यांचं सात महिने आधी. म्हणून जिथे खरोखर राहायचंय तेच घर म्हणून घ्यावं. पॉइंट्स स्वस्त मिळतात म्हणून भलतंच रिसॉर्ट घेतलेल्यांना गर्दीच्या दिवसांत सात महिन्यांवर काही उरत नाही. आमच्या राज्यातल्या शाळांना नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांच्या अधिवेशनाची सुट्टी असते. डिस्ने वर्ल्ड आहे त्या ऑरलँडोत त्या आठवड्याला 'जर्सी वीक' असंच म्हणतात, इतके आम्ही लोक तिथे लोटतो. दिवाळी त्याच सुमारास आली की आई-बाबांना भारतातून बोलावून तिथेच साजरी करतो.

दुसऱ्या हाताने घेण्यात पैसे वाचतात, पण बंधनं येतात. जानेवारी २०१९ नंतर असे घेतलेले जुन्या रिसॉर्ट्सचे पॉइंट्स रिव्हिएरा आणि त्यानंतरच्या नव्या रिसॉर्ट्सना चालत नाहीत. मुदतही बघा, सगळ्यात जुन्या ओल्ड की वेस्ट रिसॉर्टचे मूळ करार २०४२ मध्ये संपतात.

डिस्नेच्या करारांना निदान पुनर्विक्रीत किंमत येते. इतर अनेक कंपन्यांचे आठवडे लोक एका डॉलरला विकायला काढतात आणि तरी गिऱ्हाईक नसतं, कारण घेणाऱ्याच्या गळ्यात दरवर्षीची देखभाल फी पडते. काही करारांना तर मुदतच नसते, चक्क खरेदीखत असतं आणि ते मुलांपर्यंत पोचतं. सही झालीच असेल तर राज्याचा कायदा लगेच बघा. फ्लोरिडात दहा दिवसांत लेखी रद्द करता येतं, कॅलिफोर्नियात सात.

म्युनिक

युरोपीय संघात रद्द करायला चौदा दिवस. संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार त्या मुदतीत विक्रेत्याला आगाऊ पैसे घेण्यालाही बंदी आहे. स्पेनच्या किनाऱ्यावर कोणी लगेच कार्ड मागितलं तर तिथूनच परत फिरा.

मडगाव

मी गोव्यात रिसॉर्टच्या फ्रंट ऑफिसात बरीच वर्षं काम केलंय. एके काळी कळंगुट-बागाच्या रस्त्यावर ब्रिटिश पर्यटकांच्या हातात स्क्रॅच कार्ड द्यायचे, टॅक्सीत बसवून प्रेझेंटेशनला न्यायचे. तो धंदा आम्ही जवळून बघितला.

काउंटरच्या अलीकडून दोन गोष्टी सांगतो. पहिली, सगळ्या खोल्या सभासदांसाठी राखीव असतात असं धरून चालू नका. अनेक रिसॉर्ट्स काही खोल्या बाहेर ऑनलाइनही विकतात. सभासदाला 'उपलब्ध नाही' दिसतं आणि त्याच तारखेला त्याचा मित्र पैसे भरून येतो. मग तो सभासद माझ्यासमोर उभा राहून भांडायचा आणि त्याचं म्हणणं मला पटायचं. घेण्याआधी विचारा, सभासदांसाठी किती खोल्या आणि ते करारात लिहिलंय का.

दुसरी, जेवण. वार्का, केळशीकडची रिसॉर्ट्स समुद्राला लागून आहेत, सुंदर आहेत, पण गावापासून बाजूला. गोव्यात टॅक्सी महाग. मग तिन्ही वेळा रिसॉर्टमध्येच जेवणं होतं आणि चौघांचं आठवड्याचं बिल बघून माणसं गप्प होतात. स्वतःची गाडी घेऊन येणारी कोल्हापूर-बेळगावची कुटुंबं मडगावात येऊन जेवायची, मासळी आणून ओट्यावर शिजवायची. त्यांना मेंबरशिप परवडायची. विमानाने येणाऱ्यांना जड जायची.

पावसातला गोवा ज्यांना आवडतो त्यांनी जून ते सप्टेंबर जरूर यावं, पण त्यासाठी मेंबरशिप कशाला.

कोल्हापूर

माझ्या भावाने सही केली होती, त्याच्या वतीने रद्द मी केली. भारतात टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही. परत फिरायची मुदत करारात असेल तेवढीच. त्याच्या करारात दहा दिवस होते, तेही मागच्या पानावर बारीक अक्षरात. सातव्या दिवशी ईमेल केला, त्याच दिवशी स्पीड पोस्ट आणि पावती जपून ठेवली. तरी पैसे अडकवून ठेवले.

मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. करारात 'वाद फक्त अमुक शहरात चालेल' असं होतं, लवादाचंही कलम होतं. दोन्हीला घाबरायचं कारण नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे, त्यानुसार तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथेच तक्रार करता येते. लवादाच्या कलमामुळे आयोगाचा दरवाजा बंद होत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मात्र पाळा. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. आमचं प्रकरण आयोगाची नोटीस गेल्यावर मिटलं, सुनावणीपर्यंत गेलंच नाही.

रत्नागिरी

मेंबरशिपऐवजी आम्ही पाच मैत्रिणींच्या घरांनी मिळून दरमहा आवर्ती ठेव सुरू केली. त्यातून कधी तारकर्लीला एमटीडीसी, कधी गुहागरला कोणाच्या वाडीत घरगुती राहणं. ज्या वर्षी कोणाकडे आजारपण असतं त्या वर्षी जात नाही, पैसे जागेवर राहतात. एवढंच.

सांगली

माझ्या वडिलांची मेंबरशिप होती. ते गेल्यावर सहा महिन्यांत त्यांच्या नावाने थकलेल्या फीची नोटीस आली. नावावर करून घ्यायला मृत्यूचा दाखला, वारसांची ना-हरकत आणि वेगळी ट्रान्सफर फी. मुदतीची नऊ वर्षं उरली होती. आम्ही भावंडांनी बसून ठरवलं, ठेवायची. बाबांना कोडाईकनाल फार आवडायचं, आई अजूनही तिथे हौसेने जाते. पण ज्येष्ठ माणसाच्या नावाने घेताना 'पुढे काय' हे कलम वाचा आणि शक्य तर दोन नावं घाला.

एक सावधगिरी. आमच्या नोंदी कुठून बाहेर गेल्या माहीत नाही, पण दर दोन-तीन महिन्यांनी फोन येतो, "तुमची मेंबरशिप चार लाखांना विकून देतो, गिऱ्हाईक तयार आहे, फक्त एनओसीचे अठरा हजार आधी भरा." आईने एकदा फोन धरून ठेवून मला बोलावलं म्हणून वाचलो. हे लोक तुमचा मेंबरशिप नंबरसुद्धा बरोबर सांगतात.

कोल्हापूर

सांगलीच्या ताई, तो फोन आला की एकच सांगा, तुमची फी विक्रीच्या रकमेतून कापून घ्या. पुन्हा फोन येणार नाही. आणि कोणी आधीच पैसे भरले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच, त्याच तासात कळवा. जितका उशीर होईल तितके पैसे गोठवणं अवघड होतं.