एफ/१.२ ची लेन्स: खरंच लागते, की नुसती हवीशी वाटते?

उघडझाप (धागाकर्ता)
थेट मुद्द्यावर येतो. ५० मिमीची एफ/१.८ हाताशी असताना वर एफ/१.२ घेण्यात बहुतेकांना काही फायदा नाही. (एफचा आकडा लहान, तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडतं.) १.८ वरून १.२ वर गेलं की प्रकाश सव्वादोन पट मिळतो, म्हणजे एक स्टॉप (प्रकाश दुप्पट) आणि वर चिमूटभर. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढवली की फोटोत दाणे, म्हणजे नॉइज, येतो) ६४०० लागत होता तिथे २८०० च्या आसपास भागेल. एवढी तफावत आजचे सेन्सर आणि एआय डीनॉइज (नॉइज पुसणारं सॉफ्टवेअर) भरून काढतात. बदल्यात खांद्यावर काय येतं? कॅननची आरएफ ५० एफ/१.८ भरते १६० ग्रॅम, एफ/१.२ एल ९५० ग्रॅम. निकॉनची झेड ५० एफ/१.२ एस तर १०९० ग्रॅम. किंमत कितीतरी पट. आणि एवढं करून लोक फोटो काढतात एफ/२.८ वर! पटत नसेल तर खोडून काढा.

मंदप्रकाश
खोडतो. तुम्ही सगळा हिशोब आयएसओत मांडलात. मी नाटक आणि नृत्याचे प्रयोग टिपतो. तिथे अडतं शटर स्पीडवर. १/६० सेकंदाला गिरकीतला हात पुसला जातो, १/१२५ ला निदान बोटं ओळखू येतात. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन माझा हात सांभाळतं, समोर नाचणाऱ्याचा नाही. आणि हललेला फोटो कुठलंही डीनॉइज सरळ करत नाही.

उघडझाप
अहो, पण आयएसओ ६४०० चा १२८०० केला की तोच शटर स्पीड एफ/१.८ वरही मिळतो. गाडी फिरून नॉइजवरच आली.

मंदप्रकाश
आली, मान्य. पण रंगीत दिव्यांखाली १२८०० ला सावलीतले रंग मरतात आणि डीनॉइज ते अंदाजाने भरतं. मोबाइलवर कळणार नाही. मोठी प्रिंट काढा, त्वचा मेणासारखी दिसते.

तिपाई
दोघंही प्रकाशातच अडकलात. फोकसमध्ये राहतं किती, ते बोला. फुल फ्रेम (मोठा, ३६×२४ मिमीचा सेन्सर), ५० मिमी, माणूस १ मीटरवर: एफ/१.८ ला साधारण ४ सेंमी, एफ/१.२ ला पावणेतीन. ८५ मिमी एफ/१.२ ने २ मीटरवरून काढलात तरी ४ च्या आसपास. मान जराशी तिरकी झाली की एक डोळा धारदार आणि दुसरा गेला. शेजारी दुसरा माणूस उभा राहिला की मुकाट्याने एफ/४. मग १.२ चे पैसे मोजले कशासाठी?

मंदप्रकाश
मी रंगमंचापासून १ मीटरवर उभा नसतो हो. ६ मीटरवरून ५० मिमी एफ/१.२ ला जवळजवळ १ मीटर खोली मिळते. अंतर न सांगता डेप्थ ऑफ फील्डचे (फोकसमधल्या खोलीचे) आकडे फेकू नयेत.

तिपाई
बरं. पण पोर्ट्रेटवाल्यांना माझा आकडा लागू आहेच, आणि ही लेन्स विकली जाते ती त्यांनाच भुलवून.

भिंगरी
पोर्ट्रेटवाली हजर आहे. भुललेली नाही.
महाग लेन्स कोणी फक्त १.२ या आकड्यासाठी घेत नाही. स्वस्त ५० मिमी पूर्ण उघडली की चमकत्या कडांना जांभळी-हिरवी झालर येते, कोपरे मऊ पडतात, दूरचे दिवे कडेला पसरतात. चांगली एफ/१.२ लेन्स एफ/२ वर आणली की ती दीड स्टॉप मिटलेली असते (मिटवली की हे दोष कमी होतात), तिथे स्वस्त लेन्स नुकती कुठे मिटायला लागलेली. शिवाय कॅननच्या त्या एफ/१.२ एलला धूळ-पाण्यापासून सीलिंग आहे, १६० ग्रॅमवालीला नाही. वजनाची तुलना करताना हे कोण सांगणार?

उघडझाप
मग निकॉनची झेड ५० एफ/१.८ एस बघा. ४१५ ग्रॅम, आणि पूर्ण उघडी असतानाही कोपऱ्यापर्यंत चोख. तुम्ही म्हणता ती गुणवत्ता चांगल्या बांधणीची आहे, ती १.२ शीच जोडलेली असते असं कुठे आहे? सोनीची ५० एफ/१.४ जीएम ५१६ ग्रॅम, एफ/१.२ जीएम ७७८. मधला फरक अर्ध्या स्टॉपपेक्षाही कमी.

भिंगरी
१.४ जीएमबद्दल तुमचं बरोबर. तीच घ्यावी. पण ‘१.८ पुरे’ हे तुमचं मूळ वाक्य तिथेच सुटलं, लक्षात आलं का?

खुसपट
भर उन्हाचं कोणी बोललंच नाही. आयएसओ १०० ला एफ/१.८ धरला तर शटर १/८००० च्या काठावर येतो. एफ/१.२ ला जवळपास १/१८००० लागतो. बऱ्याच कॅमेऱ्यांचा मेकॅनिकल शटर १/८००० ला संपतो, काहींचा १/४००० लाच. म्हणजे एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) आला, तोही ७२ ते ८२ मिमीचा. चालू द्या.

नवशिका
वाचतोय. माझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान) आहे. मला एफ/१.२ घेऊन काय मिळेल?

तिपाई
पार्श्वभूमी विरघळते ती फुल फ्रेमवरच्या एफ/१.८ इतकीच. फुजीची ५६ मिमी एफ/१.२ म्हणजे फुल फ्रेमवर ८५ मिमी एफ/१.८ सारखी. एक्स्पोजर (मिळणारा प्रकाश) मात्र १.२ चंच.

उघडझाप
@नवशिका, आधी तुमचे जुने फोटो अपर्चरप्रमाणे (एफच्या आकड्याप्रमाणे) लावा. एफ/४ वरचे जास्त निघाले तर विषय संपला.

भिंगरी
ज्याच्याकडे १.८ च आहे त्याच्या फोटोंत १.२ दिसणार कुठून?

उघडझाप
१.८ ला टेकलेले, वर आयएसओ चढलेले आणि तरी हललेले फोटो किती, ते दिसेल. असे ढिगाने असतील तर मंदप्रकाश म्हणतात ते घ्या.

मंदप्रकाश
आणि विकत घ्यायच्या आधी एका प्रयोगापुरती भाड्याने आणा. दोन अंकांनंतर मनगट काय म्हणतं तेही कळेल, त्या बाबतीत धागाकर्त्यांशी माझं भांडण नाही.

भिंगरी
माझं आहे. कोपऱ्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.