मदत हवी आहे: जॅझ ब्लूजच्या आठव्या बारला गिटारचा सोलो फसतो

जी मधला १२ बारचा (बार म्हणजे चार मात्रांचा गट) जॅझ ब्लूज, टेम्पो १२०. कॉर्ड अशा:

जी७ | सी७ | जी७ | डी मायनर७, जी७
सी७ | सी शार्प डिम७ | जी७ | ई७
ए मायनर७ | डी७ | जी७, ई७ | ए मायनर७, डी७

जी मायनर पेंटॅटॉनिक (पाच सुरांचं स्केल) पाचव्या बारपर्यंत निभावते. सहाव्यात बेचव लागते, आठव्यात चक्क बेसूर. मिक्सोलिडियन आणि हार्मोनिक मायनर ही स्केलंही पाठ आहेत, पण दर कॉर्डला स्केल बदलायची तर बोटं पोचेपर्यंत कॉर्ड निघून जाते. कमीत कमी काय बदलावं?

प्रतिसाद १

स्केल नको, एकच सूर बदला. सी७ म्हणजे सी, ई, जी, बी फ्लॅट. त्यातला सी एक फ्रेट (अर्धा सूर) वर, म्हणजे सी शार्पवर सरकवला की सहाव्या बारची कॉर्ड तयार. तीच युक्ती आठव्याला: जी७ मधला जी एक फ्रेट वर. जी शार्प, बी, डी, एफ म्हणजे ई७ फ्लॅट नाइन (ई७ मध्ये अर्धा सूर उतरलेला नववा सूर, एफ), फक्त ई वगळून. ई बेसवाला वाजवतोच.

बेसूर का लागतं? ई७ चा तिसरा सूर जी शार्प, आणि पेंटॅटॉनिक तुम्हाला सारखी जी वर आणून सोडते. ओझरता जी ब्लूजला शोभतो, त्यावर थांबलात की खटकतो. चौथ्या तारेवर सहाव्या फ्रेटचा जी शार्प घ्या आणि नवव्या बारच्या समेला सातव्या फ्रेटच्या ए वर उतरा.

प्रतिसाद २

+१. आधी सोलो बाजूला ठेवून मेट्रोनोम ६० वर फक्त प्रत्येक कॉर्डचे तिसरे-सातवे सूर (कॉर्डची ओळख पटवणारे) वाजवा. बार ७ ते ११ (अकराव्याची पहिली कॉर्ड), चौथी तार: फ्रेट ३, ६, ५, ४, ३. तिसरी तार: ४, ७, ५, ५, ४. बॅकिंग ट्रॅक (साथीचं रेकॉर्डिंग) बंद असतानाही कॉर्ड बदललेली ऐकू आली पाहिजे. ती येईपर्यंत वेग वाढवू नका. जी७ वरून सी७ ला तर दोन्ही बोटं एकेक फ्रेट खाली, बस्स.

धागाकर्ता

हे जमण्यासारखं आहे. बी फ्लॅटच्या बेंडचं (तार ओढून सूर चढवण्याचं) काय? तो सवयीने सगळीकडे ओढला जातो.

प्रतिसाद २

तिसऱ्या तारेवरचा, तिसऱ्या फ्रेटचा ना? जी७ वर ओढा, पण अर्ध्या सुरापेक्षा कमी. सी७ वर तो त्या कॉर्डचा सातवा सूर आहे. ओढलात तर बी कडे झुकतो आणि कॉर्डशी भांडतो. सहाव्या बारलाही सरळच ठेवा.

प्रतिसाद १

दर वेळी नेमका समेवर सूर टेकवलात तर पाढे म्हटल्यासारखं वाटेल. अधूनमधून अर्धी मात्रा आधी घ्या.

आणि बॅकिंग ट्रॅक तपासा. साध्या ब्लूजच्या ट्रॅकमध्ये आठव्या बारलाही जी७ च असतो. तिथे जी शार्प घातलात तर बेसूर तुम्हीच.