बागेच्या बातम्या सगळे वाचतात, रविवारी बागेत मात्र सहाच जण (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

घराजवळच्या सार्वजनिक बागेत आम्ही काही जण गेली तीन वर्षं दर रविवारी सकाळी दोन तास काम करतो. माळीकाका एकटे, आणि त्यांच्याकडे आणखी दोन बागा. म्हणून पाचोळा गोळा करणं, आळी करणं, रोपांना पाणी घालणं ही कामं आम्ही उचलली. पालिकेच्या उद्यान विभागाची लेखी परवानगी आहे, तो प्रश्न नाही. सुरुवातीला अठरा जण होतो. नव्याचे नऊ दिवस सरले आणि आता सहा उरलोय, त्यातही दोघांचे गुडघे कुरकुरतात.

माझ्याकडे बातम्यांचं काम आहे. फाटकाजवळच्या फलकावर महिन्याला एक कागद लावते आणि तोच मजकूर व्हॉट्सॲप गटावर टाकते. गटात दोनशेच्या वर माणसं आहेत. टाकल्या टाकल्या अंगठे येतात, 'स्तुत्य उपक्रम' येतं. रविवारी परत आम्हीच सहा.

कुणी म्हणेल, एखादा मोठा कार्यक्रम ठेवा. ठेवला होता. ५ जूनला पर्यावरण दिनी चाळीसेक जण आले. फोटो झकास आले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर फुलपाखरांसाठी मुद्दाम राखलेल्या वाफ्यातली झुडपं तण समजून उपटलेली. ते एकवेळ चाललं असतं, झुडपं परत लावता येतात. खरा घोळ तीन महिन्यांनी कळला. त्या दिवशी कुणीतरी हौसेनं रोपांना आधाराच्या काठ्या दिल्या होत्या आणि सुतळी संपल्यावर बारीक तार वापरली होती. एका रोपाची तार सालीत रुतून दिसेनाशी झाली होती. तारेच्या वर खोड फुगलेलं, खाली तसंच बारीक. बोट फिरवलं तेव्हा कड्यासारखी वळी हाताला लागली, म्हणून समजलं. कातरीनं तार कापून काढली. आत ओली पांढुरकी रेघ उमटली आहे, पण सुदैवानं पूर्ण वेढा नाही.

तेव्हा जाणकारांनी सांगावं: बातम्यांत असं काय लिहू, म्हणजे वाचणारा घरातून निघेल? एकदाच येणाऱ्या मोठ्या गटाला काय काम द्यावं? आणि त्या रोपाच्या घावावर काही लावायचं का? जाता जाता, पाचोळ्याचा खड्डा आठ महिने झाले तसाच आहे, त्याचंही कुणी सांगितलं तर बरं.

— फाटकाजवळची

पाचोळा
खड्ड्याचं आधी सांगतो, सोपं आहे. नुसती वाळकी पानं लवकर कुजत नाहीत. त्यांत कार्बन फार आणि नायट्रोजन कमी. कंपोस्टला साधारण ३० भाग कार्बनला १ भाग नायट्रोजन लागतो. कापलेलं ओलं गवत, हिरवा पाला थराथरानं घाला, पाणी शिंपडा. मूठभर घेऊन पिळलं तर जेमतेम थेंब यावा, धार नको. ढीग लांबी-रुंदी-उंचीला मीटरभर तरी हवा, त्याहून लहान असला तर आत ऊब धरत नाही. अधूनमधून उलथत राहा. एवढी उस्तवार जमणार नसेल तर पानं ओली ठेवा आणि विसरून जा. वर्ष-दोन वर्षांत बुरशीच त्याची काळी भुसभुशीत माती करते. ती खत म्हणून कमी, पण जमिनीत ओल धरायला उत्तम.

घावावर काही लावू नका. ना रंग, ना डांबर. झाड जखम आतून बंद करतं आणि कडेनं नवी साल चढवतं. वर फुगलं त्याचं कारण, पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली उतरतं आणि ते तारेपाशी अडलं. पूर्ण वेढा नसेल तर रोप बहुधा तगेल. पुढच्या वेळी रुंद कापडी पट्टी, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा. आणि ती कधी सोडायची याची तारीख काठीवरच लिहा.

वाचकमात्र
ताई, मागच्या महिन्याचा कागद इथे चिकटवाल का? तो न वाचता सल्ला देणं बरोबर नाही.

फाटकाजवळची
हा घ्या: 'गेल्या महिन्यातील श्रमदान मोठ्या उत्साहात पार पडले. सदस्यांनी अथक परिश्रम घेऊन परिसर स्वच्छ केला. सर्व सहभागींचे मनःपूर्वक आभार. यापुढेही नागरिकांनी अधिकाधिक संख्येने सहभागी व्हावे, ही नम्र विनंती.' खाली आमचा सहा जणांचा फोटो.

वाचकमात्र
राग मानू नका, पण हे वाचून मला वाटलं, चला, झालं काम! परिसर स्वच्छ झाला, आभारही मानून झाले. मी येऊन करू काय? 'अधिकाधिक संख्येने' हे निमंत्रण कुणालाच नसतं.

१९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेले विद्यार्थी यंत्रावरून बोलताहेत आणि मध्येच एकाला झटका आल्याचा आवाज येतो, अशी बतावणी. ऐकणारे आपणच एकटे असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले ८५ टक्के झटका संपायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटणाऱ्यांत ३१ टक्केच. झटका आणि पाचोळा एकाच तागडीत घालता येत नाही, कबूल. पण दोनशे जणांच्या गटात टाकलेली विनंती प्रत्येकाला आपल्या वाट्याला दोनशेवा हिस्सा आला अशीच दिसते.

उलटा_प्रश्न
माळ्याला पगार मिळतो ना? त्याचं काम तुम्ही फुकट करणार आणि पालिका दुसरा माळी नेमणार नाही. सहाच येतात ते बरंच आहे.

फाटकाजवळची
हा प्रश्न आम्हालाही पडतो. म्हणून उंच फांद्या तोडणं, औषध फवारणं, विजेचे दिवे यांना आम्ही हात लावत नाही आणि दुसऱ्या माळ्यासाठी वर्षातून दोनदा अर्ज देतो. पण अर्जाचं उत्तर येईपर्यंत रोपं थांबत नाहीत हो.

जुना_बाक
उलटा_प्रश्न यांच्यात तथ्य आहे, पण त्याचं उत्तर 'काम सोडा' हे नाही. न्यूयॉर्कचं ८४३ एकरांचं सेंट्रल पार्क १९७० च्या दशकात पैशाअभावी उजाड झालं होतं. १९८० मध्ये नागरिकांनी त्यासाठी संस्था काढली आणि पुढे शहराशी रीतसर करार करून तीच बाग सांभाळू लागली. तिथे स्वयंसेवक भरपूर आहेत, पण त्यांच्या जोडीला पगारी माणसंही आहेत. तेव्हा अर्ज देत राहा.

आता मोठ्या गटाबद्दल. नवख्याच्या हाती कात्री, खुरपं आणि बांधाबांध द्यायची नाही. बिघडणं कठीण असेल तेच काम द्यायचं: पाचोळा वाहणं, पाण्याच्या बादल्या, आच्छादन पसरणं. आच्छादनाची जाडी पाच ते दहा सेंटिमीटर, आणि खोडाभोवती वीतभर जागा मोकळी. नाहीतर लोक खोडाला टेकवून शंकूसारखा ढीग करतात आणि साल कुजते. दर पाच-सहा नवख्यांमागे तुमच्यातला एक जण फक्त उभा राहायला ठेवा. तुम्ही सहा, म्हणजे गट तीसच्या पुढे नको. राखलेल्या वाफ्याला रंगीत चिंधी बांधा, 'हे तण नाही' अशी पाटी कुणी वाचत नाही.

वेळ_टिपणारी
मी एका उपक्रमाचं उदाहरण देते. २००४ मध्ये लंडनच्या एका बागेत १३ धावपटूंना घेऊन सुरू झालेली पार्करन, म्हणजे बागेतली पाच किलोमीटरची मोफत धाव, आज कितीतरी देशांत दर आठवड्याला होते, आणि प्रत्यक्ष मैदानावर सगळं स्वयंसेवकच पाहतात. तिथे 'मदतीला या' असं मोघम नसतं. वेळ टिपणारा एक, धावपटूंचे बारकोड स्कॅन करणारे, सगळ्यांच्या मागून चालणारा एक. कुठल्या आठवड्याला कुठली जागा रिकामी आहे ते आधीच लावलेलं असतं. माणूस जागा बघून येतो. तुमच्या कागदावर काम, माणसं किती हवीत आणि सुटका किती वाजता, एवढंच येऊ द्या. सुटकेची वेळ फार महत्त्वाची. किती वेळ अडकू हे कळलं नाही की मी तरी जात नाही.

फाटकाजवळची
तीन आठवड्यांनी कळवतेय. सगळ्यांचे आभार (हे मात्र मनापासून). नवा कागद असा होता:

'येत्या रविवारी ८ ते ८.४५. पूर्वेकडच्या अकरा रोपांना प्रत्येकी एक बादली. नळापासून साठ पावलं. तीन माणसं हवीत, बादल्या आम्ही आणू. एक नाव आलं आहे, दोन जागा रिकाम्या.' फोटो नाही.

आम्ही सहा होतोच, त्यांच्यात दोघांची भर पडली. त्यातले एक काका रोज सकाळी चष्मा कपाळावर चढवून फलक वाचताना मला गेली दोन वर्षं दिसतात. बादली उचलता उचलता मी विचारलं, इतके दिवस का आला नाहीत? म्हणाले, "दर महिन्याला त्याच सहा जणांचा फोटो. मला वाटलं, तुमची कमिटी आहे. आपण होऊन कसं घुसायचं?"

मी काय बोलणार! ते सगळे फोटो मीच लावले होते.

गटावर मात्र कुणी हललं नाही. तिथून एकच जण आला, तोही मी त्याला वेगळा फोन केला म्हणून. आता रोज एकाला फोन करायचा ठरवलंय, दोनशेंना निरोप बंद.

रोपाच्या घावाच्या दोन्ही कडांनी तांबूस नवी साल सरकते आहे. काकांनी काठीवर तारीख लिहून दिली, पण पेन पावसात टिकत नाही. उन्हापावसात वर्षभर टिकेल असं लाकडावर कशानं लिहितात, कुणाला माहीत आहे का?

पाचोळा
पेन्सिलीनं. मऊ शिसाची घ्या आणि जरा दाबून लिहा.