रस्ता नागमोडी की सर्पिल?

प्रुफवाली:
माथेरानवरच्या एका छोट्या पुस्तिकेची प्रुफं तपासतेय. लेखकाने लिहिलंय, "नेरळहून निघालेली छोटी गाडी सर्पिल मार्गाने डोंगर चढते." मी 'सर्पिल' खोडून 'नागमोडी' केलं. झालं, महाशय चिडले. म्हणे, "सर्प काय नि नाग काय, शेवटी सापच ना? आणि संस्कृत शब्दाला वजन असतं." मला 'सर्पिल' कानाला खटकतंय, पण का ते सांगता येईना. मुद्दा सुचवा कुणीतरी, परवा पानं छापायला जाताहेत.

आंबेनळीकर:
मी पोलादपूरचा, वडील एसटीत ड्रायव्हर. महाबळेश्वरची गाडी घेऊन आयुष्यभर आंबेनळी घाट चढले-उतरले, पण 'नागमोडी' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. त्यांच्यासाठी ती 'वळणं', फार तर 'अवघड वळण', पाटीवर असतं तसं. वळणाला हॉर्न द्यायचा आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, एवढंच त्यांचं व्याकरण. मागच्या सीटवर मला मात्र गाडी लागायची, नि कंडक्टरकाका मुकाट्याने पिशवी पुढे करायचे. 'नागमोडी' शाळेच्या पुस्तकात भेटला. तुमचे दोन्ही शब्द पुस्तकीच, ताई. 'वळणावळणाने' लिहा नि सुटा.

खडूफळा:
पुस्तकी असले तरी एक नव्हेत. तीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे जरा लांबेल.

साप दोन तऱ्हांनी दिसतो. चालताना डावीकडे-उजवीकडे बाक घेत पुढे सरकतो, तो नागमोडी. नाग अधिक मोड, मोड म्हणजे बाक. बसलेला साप वेटोळं घालतो, एकाच दिशेने फिरत जातो, तो सर्पिल. म्हणून आकाशातली दीर्घिका सर्पिल आणि सपाटीवरची नदी नागमोडी. नदी बाहेरचा काठ खाते, आतल्या बाजूला गाळ टाकते, बाक वाढत जातो, शेवटी मान तुटते आणि मागे नालाकृती सरोवर उरतं. वेटोळ्याला असली भानगड जमत नाही.

पोरांना मी सांगायचो, चकली सर्पिल. परीक्षेत एकाने चकलीच काढली, काटेसुद्धा. गुण दिले.

आता रेल्वे. नेरळ-माथेरान १९०७ची, दोन फुटी रूळ, जेमतेम २० किलोमीटर. चढ २० फुटांना एक फूट, त्याहून उभी चढवता येत नाही, म्हणून अंतर वाढवत, डोंगराच्या कुशीत शिरत नि बाहेर येत जाते. नागमोडीच. सर्पिल पाहायची असेल तर दार्जिलिंगला जा. तिथल्या बतासिया लूपवर रूळ गोल फिरून स्वतःलाच ओलांडतात. त्याच मार्गावर गाडी पुढे-मागे करत झेडच्या आकारातही चढते. ते तिसरंच, कोपऱ्याकोपऱ्याचं, मराठीत सरळ झिगझॅग म्हणतो आपण. संस्कृतवाल्यांकडे त्यासाठी 'गोमूत्रिका' आहे. चालता बैल मुतला की मातीवर जी रेघ उठते, ती. माघाच्या 'शिशुपालवधा'त १९व्या सर्गात या नावाचा चित्रबंधच आहे, म्हणजे अक्षरं आकृतीत बसवलेला श्लोक. तुमच्या लेखकाला वजनदार संस्कृत हवं असेल तर हे सुचवून बघा.

हिंदीत वळणाच्या रस्त्याला 'सर्पिल' चालतं, तिकडून आला असणार.

प्रुफवाली:
मास्तर, चकली कामी आली! फोनवर सांगितलं तर आधी गप्प, मग म्हणाले, "बरं, नागमोडी करा." गोमूत्रिका काढायचं धाडस झालं नाही. आंबेनळीकरदादा, तुमचं 'वळणावळणाने' पुढच्या परिच्छेदात वापरलं, तिथे दुसऱ्यांदा नागमोडी येत होतं.

आत्ताच पान ११ उघडलं. एका जुन्या बंगल्याचं वर्णन आहे आणि त्यात 'नागमोडी लोखंडी जिना' आहे, खांबाभोवती फिरत गच्चीवर जाणारा. तो गुपचूप चक्री करतेय.