कॅगला खर्च आधीच रोखण्याचा अधिकार हवा का?

माणदेशी: कंत्राटदार बिल उचलून मोकळा होतो आणि दोन-तीन वर्षांनी कॅगचा, म्हणजे देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, अहवाल सांगतो की काम अर्धवटच होतं. वसुली कोणाकडून करणार? ब्रिटनमध्ये १८६६च्या कायद्यापासून तिथल्या महालेखापरीक्षकाच्या मंजुरीशिवाय तिजोरीतून सरकारला पैसा मिळत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४९ मध्ये संविधान सभेत आपल्याकडचं कॅगचं पद राज्यघटनेतलं बहुधा सर्वांत महत्त्वाचं मानलं होतं. मग मोठी देयकं आधी त्यांच्या नजरेखालून का जाऊ नयेत?

हिशेबनीस: अजिबात पटलं नाही. ब्रिटनमधली मंजुरी संसदेनं मान्य केलेल्या रकमेपुरती असते, तिथेही एकेक बिल कोणी पाहत नाही. आपल्याकडे १८६० मध्ये एडमंड ड्रमंड पहिले महालेखापरीक्षक झाले, तेव्हा हिशेब ठेवणं आणि तपासणं एकाच कचेरीत होतं. केंद्रात ही दोन कामं वेगळी व्हायला १९७६ उजाडलं. ते बरंच झालं. ज्यानं बिल पास केलं तो त्याच बिलावर आक्षेप कसा काढणार?

मी बांधकाम खात्यात नोकरी केली आहे. एजीचं, म्हणजे कॅगच्या हाताखालच्या महालेखापाल कार्यालयाचं, ऑडिट लागलं की मोजमाप पुस्तिका, व्हाउचर, कॅश बुक सगळं टेबलावर यायचं. हाफ मार्जिन, म्हणजे ऑडिटचा लेखी आक्षेप, हातात पडलं की साहेबांनाही लेखी उत्तर द्यावं लागे. तपासणारा बाहेरचा होता म्हणूनच हा धाक होता.

माणदेशी: धाक आहे तर उपयोगिता प्रमाणपत्रं (निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याचे दाखले) थकल्याचा आक्षेप राज्याच्या अहवालात वर्षानुवर्षं कसा येतो?

कृष्णाकाठ: टू-जी मोबाइल परवान्यांचं प्रकरण आठवा. कॅगच्या २०१० च्या अहवालात १.७६ लाख कोटींचं अंदाजित नुकसान होतं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १२२ परवाने रद्द केले, २०१७ मध्ये विशेष न्यायालयानं सगळ्या आरोपींना सोडलं. अशा वादग्रस्त अंदाजावर कामं थांबवायची का? शिवाय कॅगची निवड सरकारच करतं, त्यात विरोधी पक्षनेत्याला जागा नाही. मर्जीतला माणूस बसला तर हाच अधिकार विरोधी पक्षाच्या राज्यांची अडवणूक करायला वापरतील.

हिशेबनीस: माणदेशी, तुमचा प्रश्न रास्त आहे, पण दोष पुढच्या पायरीवर आहे. कलम १५१ नुसार राज्यपालांनी अहवाल विधिमंडळासमोर ठेवायचा, पण त्याला मुदतच नाही. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी तो पटलावर आला तर चर्चा कधी करायची? अहवाल तपासणाऱ्या आमदारांच्या लोकलेखा समितीकडे त्यातले आक्षेपाचे परिच्छेद पोहोचेपर्यंत अधिकारी निवृत्त झालेले असतात.

माणदेशी: मुदत घालाच. तरीही शंभर कोटींच्या वरच्या कामात शेवटचा हप्ता देण्याआधी ऑडिट झालं पाहिजे, यावर मी ठाम आहे. त्यात बिल पास करणं येत नाही, झालेलं काम मोजणं येतं.